पहिल्यांदा रिटर्न भरताय? चावी स्वतःच्या खिशात ठेवा

जुलैचा पहिला आठवडा. परभणीतल्या माझ्या छोट्याशा ऑफिसात रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी, बाहेर पावसाची भुरभुर. नुकताच नोकरीला लागलेला जिल्हा परिषदेचा एक शिक्षक आत आला आणि मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "सर, रिफंड पास झालाय म्हणायलेत, पण खातं दुसऱ्याचंच टाकलंय त्यांनी."

मेसेज असा होता: तुमचा १५,४९० रुपयांचा आयकर परतावा मंजूर झाला आहे, रक्कम अमुक खात्यात जमा होईल, खाते क्रमांक बरोबर नसल्यास खालच्या लिंकवर दुरुस्त करा. खात्याचा पहिला आकडा पाच, शेवट ६७७७, मधे सगळ्या फुल्या.

मी विचारलं, "गुरुजी, रिटर्न कधी भरलं तुम्ही?"

"भरायचंच हाय की अजून. फॉर्म १६ हेडमास्तरकडंच पडलाय."

रिटर्नच नाही, तर रिफंड कुठून पास होणार? हे त्यालाही कळत होतं. पण अंगठा लिंकपाशी जाऊन थांबला होता, कारण डोक्यात एकच होतं: माझे पैसे दुसऱ्याच्या खात्यात चाललेत. खात्याचा नंबर चुकीचा असणं हाच या मेसेजचा गळ आहे. "लिंक दाबा, पैसे मिळतील" म्हटलं तर माणूस दोनदा विचार करतो. "तुमचे पैसे दुसरीकडे चाललेत" म्हटलं की धावत सुटतो. याच मेसेजला, याच आकड्याला पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेकनं २०२३ मध्येच खोटं म्हणून सांगितलेलं आहे. मेसेज बनवणाऱ्यानं रक्कम बदलायचेही कष्ट घेतले नव्हते.

ज्यांनी आजवर रिटर्न भरलेलं नाही किंवा एखाद-दुसऱ्यांदाच भरलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वाळूजच्या कंपनीत लागलेली पोरं, नवे शिक्षक, आरोग्यसेविका, पैसे मिळतानाच कर, म्हणजे टीडीएस, कापला गेला म्हणून पहिल्यांदाच या वाटेला आलेले दुकानदार. फसवणुकीचे प्रकार दरवर्षी बदलतात, ते सगळे पाठ करून काही उपयोग नाही. त्यापेक्षा काही सवयी लावून घ्या, आणि त्या पुढं दिलेल्या क्रमानंच लावा.

सगळ्यात आधी: लॉगिन तुमचं आहे का?

आपल्याकडं रिटर्न भरायचं म्हणजे पॅन, आधार आणि फॉर्म १६ ची (पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्याची) झेरॉक्स कुणाच्या तरी हातात द्यायची आणि आठ दिवसांनी पावती आणायची, अशीच पद्धत आहे. त्यात वाईट काही नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण पोर्टलवर मोबाइल नंबर भरणाऱ्याचा, ईमेल भरणाऱ्याचा आणि पासवर्डही त्यालाच माहीत, असं असेल तर घर तुमचं आणि चावी शेजाऱ्याकडं. विभागाची नोटीस आली तरी तुम्हाला कळणार नाही. रिफंडचं खातं कुणी बदललं तरी कळणार नाही.

म्हणून पहिलं काम हे. आयकर विभागाचं ई-फायलिंग पोर्टल एकच आहे: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. ते गुगलवर शोधू नका, ब्राउझरच्या पट्टीत स्वतः टाइप करा आणि बुकमार्क करून ठेवा. शोधल्यावर वर जाहिराती येतात आणि घाईत बोट जाहिरातीवर पडतं. नोंदणी करताना युजर आयडी म्हणजे तुमचा पॅनच असतो. मोबाइल स्वतःचा, ईमेल स्वतःचा. ईमेल वापरत नसाल तर घरातल्या पोराचा द्या, भरणाऱ्याचा नको.

आधी कुणी नोंदणी करून ठेवली असेल तर 'फर्गॉट पासवर्ड'मधून आधारच्या ओटीपीवर नवा पासवर्ड करून घ्या. आधारला मोबाइल जोडलेला असला म्हणजे झालं. मग 'माय प्रोफाइल'मध्ये जाऊन मोबाइल आणि ईमेल बदला आणि 'माय बँक अकाउंट'मध्ये कुठली खाती आहेत ते एकदा डोळ्यांखालून घाला. ओळखीचं नसलेलं खातं दिसलं तर भरणाऱ्याला तिथल्या तिथं विचारा. भिडेखातर गप्प बसू नका.

पासवर्ड हातात आल्यावरही रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेता येतंच. समोर बसा, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येऊ द्या, तो तुम्हीच टाका. माझ्याकडं येणाऱ्यांना मी हेच सांगतो. थोडा वेळ जास्त जातो.

मेसेज आला की: वाचा, बंद करा, पोर्टल उघडा

'आयकर विभाग कधी मेसेज पाठवतच नाही' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. ते चूक आहे. विभाग एसएमएस पाठवतो, ईमेलही पाठवतो: रिटर्न मिळालं, तपासून झालं, रिफंड पाठवला, अमुक माहिती जुळत नाही. विभाग मागत नाही तो पिन, पासवर्ड, ओटीपी आणि कार्डाचा नंबर. त्यामुळं मेसेज खरा की खोटा याचा काथ्याकूट करत बसण्यापेक्षा त्याला दारावरची घंटा समजा. घंटा वाजली म्हणून खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही. दार आपलं आपण उघडून बघायचं.

म्हणजे लिंक दाबायची नाही. पोर्टलवर स्वतः लॉगिन करायचं, 'ई-फाइल'मधून 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' उघडायचं. रिटर्न कुठल्या टप्प्यावर आहे आणि रिफंडचं काय झालं, सगळं तारखांसह तिथं दिसतं. काही उत्तर द्यायचं बाकी असेल तर ते 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मध्ये असतं. तिथं काही नाही, तर तुमच्याकडून काही राहिलेलंही नाही.

खात्याची गोष्ट खरी वाटते याचं एक कारण आहे. रिफंड खरंच अडकतात. पोर्टलवर आधीच पडताळलेल्या, म्हणजे प्री-व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच रिफंड येतो. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळलं नाही, खातं बंद पडलं, बँका एकमेकींत विलीन होऊन आयएफएससी बदलला, की पैसे परत जातात. अशा वेळी पोर्टलवरच खातं नव्यानं पडताळायचं आणि 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकायची. त्यासाठी फोन लागत नाही, फी लागत नाही, लिंकही लागत नाही.

लिंकचा पत्ता वाचायचाच असेल तर उजवीकडून वाचा. विभागाच्या पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतो, आणि (सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या रेघा सोडून) पहिली तिरकी रेघ त्याच्यानंतरच येते. मधे कुठंतरी 'जीओव्ही' आणि शेवटी 'डॉट कॉम', 'डॉट टॉप' किंवा 'डॉट एक्सवायझेड' असं काही असेल तर तो पत्ता सरकारचा नाही. अशोकस्तंभ, निळी पट्टी, विभागाचं नाव, हे सगळं कुणालाही चिकटवता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलचं मात्र वेगळं सांगतो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान मला तिथंच दिसतं. 'इन्कम टॅक्स रिफंड', 'पीएम किसान', 'आरटीओ चलन', नाव काहीही असू दे, नावाच्या शेवटी एपीके आहे ना? मग ती कागदाची फाइल नाही, अ‍ॅप आहे. इन्स्टॉल होताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. एकदा दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी समोरच्याला दिसतो. ती फाइल ओळखीच्याच नंबरवरून, भाच्याच्या किंवा गावच्या ग्रुपवरून येते, कारण भाच्याचा फोन आधीच गेलेला असतो. फोटो आणि पीडीएफ सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही उघडू नका. भाच्याला राग आला तर येऊ द्या.

'आज शेवटची तारीख'

पगारदारांसाठी रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै. कधी वाढतेही. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. भामटे या तारखेवर खेळतात: आज भरलं नाही तर खातं गोठेल, पॅन बंद होईल, वॉरंट निघेल. खरं काय होतं? मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला ५,००० रुपये विलंब शुल्क, आणि एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. कर बाकी असेल तर वर व्याज. पोलीस येत नाहीत. जुन्या कर प्रणालीतून वजावटी घ्यायच्या असतील त्या पगारदारानं मात्र मुदत चुकवू नये, नंतर ती प्रणाली निवडता येत नाही.

व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणणारा माणूस कुठल्याच खात्याचा नसतो. कायद्यात अशी अटकच नाही. फोन ठेवा.

नोटीस आली तर डीआयएन बघा

नोटीस म्हटलं की आपल्याकडं पाय लटपटतात. तलाठ्याचा कागद आला तरी वाड्यात चर्चा सुरू होते, मग इन्कमटॅक्सचं तर विचारूच नका. त्या भीतीवरच काही जण "साहेबांशी बोलून मिटवून देतो" म्हणत पैसे उकळतात.

१ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, असतो. तो खरा की खोटा हे तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही. पोर्टलच्या पहिल्याच पानावर 'ऑथेंटिकेट नोटीस ऑर्डर' अशी लिंक आहे. तिथं क्रमांक टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी भरा, पत्र विभागानं काढलंय की नाही ते समोर येतं. हा ओटीपी तुम्ही स्वतः उघडलेल्या सरकारी पानावर भरायचा, फोनवर कुणाला सांगायचा नाही. एवढाच फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

आणि प्रत्येक पत्र म्हणजे संकट नव्हे. रिटर्न तपासल्यावर विभागाच्या बंगळुरूच्या केंद्राकडून कलम १४३(१) ची सूचना सगळ्यांनाच येते. भरलेला आकडा आणि त्यांनी मोजलेला आकडा शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्ही जुळले तर काहीच करायचं नाही. तिची पीडीएफ तुमचा पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख टाकल्यावर उघडते.

जास्त रिफंड काढून देणारा

आता ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही त्याच्याबद्दल. हा अनोळखी नंबरवरून फोन करत नाही. स्टाफरूममध्ये येतो, चहा घेतो, सगळ्यांना नावानं ओळखतो. "मागच्या वर्षी त्या सरांना चाळीस हजार काढून दिले. तुमचेही काढू. मला रिफंडचे दहा टक्के द्या, तेही पैसे खात्यावर आल्यावर."

कापलेला टीडीएस परत मिळवायचा तर कर कमी दाखवावा लागतो, आणि कर कमी दाखवायचा तर खोट्या वजावटी टाकाव्या लागतात. मग तुमच्या रिटर्नमध्ये तुम्ही कधी न दिलेलं घरभाडं येतं, न काढलेला आरोग्य विमा येतो, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज येतं. ज्या राजकीय पक्षाचं नावही ऐकलं नाही त्याला दिलेली देणगी येते. गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या रिटर्नमध्ये महिना बारा हजार घरभाडं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय म्हाईत सर, त्यांनीच भरलंय."

रिफंड येतोही, आणि त्यामुळंच हा माणूस खरा वाटतो. रिटर्न संगणकावर तपासलं जातं, पैसे पटकन येतात, पण पडताळणी मागाहून होते. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा रिटर्न भरून देणाऱ्यांवर कारवाई केली. तेव्हा विभागानंच सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागं घेतले होते. विभागाच्या निवेदनात आणखी एक गोष्ट होती: हे लोक ढिगानं रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळं नोटिसा कुणी वाचतच नाही. सुरुवातीला चावीचं एवढं का सांगितलं ते आता लक्षात आलं असेल.

नोटीस तुमच्या पॅनवर येते, दहा टक्के घेणाऱ्याच्या नाही. चुकीचं उत्पन्न दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, शिवाय कर आणि व्याज वेगळं. चाळीस हजारांच्या रिफंडसाठी लाखाच्या वर भरायची पाळी येते, आणि तेव्हा तो माणूस दुसऱ्या तालुक्यात चहा पीत असतो.

ओळखायचं कसं? फी रिफंडच्या टक्केवारीत मागितली की उठा. सरळ माणूस कामाचे पैसे घेतो, आकड्यात वाटा मागत नाही. रिटर्न सादर करण्याआधी मसुदा मागा आणि प्रत्येक वजावटीपुढं बोट ठेवून विचारा, "याचा कागद कुठं आहे?" नव्या कर प्रणालीत तर यातल्या बहुतेक वजावटी मिळतच नाहीत. २०२५-२६ पासून त्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाख. नव्यानं नोकरीला लागलेल्या पुष्कळ जणांना खोटं काही टाकायची गरजच उरलेली नाही.

आधीच्या वर्षांत कुणी असं भरून ठेवलं असेल तर विभागाचं पत्र यायची वाट बघू नका. अपडेटेड रिटर्न भरायची मुदत आता चार वर्षांपर्यंत आहे. जितका उशीर तितका जादा कर, पण दंडापेक्षा तो परवडतो. हे काम मात्र सीएकडूनच करून घ्या.

'आधी टीडीएस भरा, मग पैसे सोडतो'

लॉटरी लागली, विम्याचा बोनस आला, पतसंस्थेत अडकलेली ठेव सुटतेय, फक्त आधी टीडीएस भरा. टीडीएस हा शब्दच सांगतो की तो उगमाशी, म्हणजे देणाऱ्यानं देतानाच कापायचा असतो. ज्याच्याकडं तुमचे लाख रुपये आहेत त्यानं त्यातून कापावा, तुमच्याकडून वेगळा कशाला मागावा? आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही.

खरा कर भरायचा असेल तर पोर्टलवरच्या 'ई-पे टॅक्स'मधून चलन काढून भरायचा. भरून देणाऱ्याला रोख दिली असेल तर चलनाची पावती घ्या. ती रक्कम नंतर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या व्यवहारांच्या वार्षिक विवरणात, दिसलीच पाहिजे.

पॅनची झेरॉक्स

कामाला लावतो, कर्ज काढून देतो, योजनेत नाव टाकतो म्हणून पॅन, आधार, फोटो आणि लाइट बिल घेतात. त्यावर जीएसटी नोंदणी करून कागदोपत्री फर्म चालवतात. दोन वर्षांनी रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला कोटींच्या उलाढालीची नोटीस येते. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

वर्षातून एकदा, रिटर्न भरायच्या आधी, पोर्टलवरून एआयएस उघडून वाचा. तुमच्या पॅनवर कुणी किती व्याज दिलं, किती विक्री दिसते, सगळं त्यात असतं. तुमची नसलेली नोंद दिसली तर तिथंच तसा अभिप्राय देता येतो. जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च बाय पॅन'मध्ये आपल्या पॅनवर काही नोंदणी आहे का तेही बघा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून आडवी सही करा. यानं भामटा थांबेलच असं नाही, पण उद्या सांगायला कागद राहतो. आणि महिना दोन हजारांवर कुणी तुमचं बँक खातं 'वापरायला' मागत असेल, तर त्या खात्यातून जाणारे पैसे फसवणुकीचेच समजा. पोलीस आधी खातेदाराकडं येतात.

गेलेच पैसे तर

पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. लवकर कळवलं तर वाटेत कुठंतरी अडवता येतात. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. तो बँकेच्या मेसेजमध्ये असतो, म्हणून मेसेज पुसू नका. मग बँकेला कळवून खातं थांबवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. ओटीपी तुम्हीच दिला असला तरी कळवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं असतं. लाजेनं दोन दिवस घालवणारेच जास्त बुडालेले मी पाहिलेत.

एपीके टाकून बसला असाल तर आधी मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० आणि बँक गाठा, पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदला. स्वतःच्या फोनवरून ##००२# डायल केलं की कुणी परस्पर लावलेलं कॉल फॉरवर्डिंग निघतं. मग महत्त्वाचे फोटो काढून घेऊन फोन पूर्ण रीसेट करा.

त्या शिक्षकाचं रिटर्न पंधरा दिवसांनी भरलं, त्याच्याच मोबाइलवर, ओटीपी त्यानंच टाकून. रिफंड निघाला ८४० रुपये. तो जमा झाल्यावर बँकेचा मेसेज घेऊन पुन्हा माझ्या दारात हजर.

"सर, हे तरी खरं हाय का?"

म्हटलं, "गुरुजी, पासबुक भरून आणा."